जार धुऊन आणा

नाही, झाकण लावू नका — राहू दे उघडंच, वास जाऊ दे बाहेर. नुसता मिल्कशेक केला होता म्हणे! अहो साहेब, सव्वीस वर्षं मी या टेबलामागे बसून लोकांचे मिक्सर उघडतोय. जार नाकाशी धरला की सांगतो — कोणाकडे कॉफी दळतात, कोणाकडे म्हाताऱ्यासाठी गोळ्या कुटतात आणि कोणाकडे बायको माहेरी गेली की काय चालतं. आणि तुम्ही मला तोंड वर करून सांगताय, नुसता मिल्कशेक! ही रम आहे. काळी रम. सोबत चॉकलेट — आणि थांबा, परत एकदा — कॉफी पण आहे, दोन चमचे तरी. बरोबर की चूक? मान काय हलवताय नुसती, मी काय तुमचा हेडमास्तर आहे? बरोबर ना? मग झालं तर. बसा त्या स्टुलावर. मागे झुकू नका, त्याचा एक पाय आखूड आहे, पडाल आणि ते पण माझ्याच नावावर जाईल.

मित्र आले होते? येणारच. मित्र असतात कशाला — दुसऱ्याच्या घरी येऊन दुसऱ्याचा मिक्सर जाळायला. कुणीतरी मोबाइलवर बघितलं असणार, घरच्या घरी, पाच मिनिटांत! मग काय, दगडासारखं आइस्क्रीम फ्रीझरमधून काढलं, तसंच जारमध्ये आपटलं, वर मूठभर बर्फ, वर रम, आणि दूध? दूध सगळ्यात शेवटी, शिंतोडा उडवल्यासारखं. आणि बटण फिरवलं ते थेट तीनवर. मोटार घूं घूं करतेय, जीव तोडून सांगतेय की बाबांनो, पातं अडकलंय, सोडा मला — आणि तुम्ही सगळे भोवती उभे राहून दात काढताय. मग बंद पडला. मग एका शहाण्यानं खालचं लाल बटण दाबलं — असतो असा एक शहाणा प्रत्येक टोळक्यात — तर परत चालू झाला. परत तसाच रेटला. मग धूर. काय बघताय माझ्याकडे? मी तिथे नव्हतो तरी सांगतोय ना सगळं? दर सोमवारी इथे हाच सिनेमा लागतो, साहेब. फक्त नट बदलतात.

आणि हे बघा, जार पालथा करतो. ही मधली दांडी दिसतेय? हिच्याभोवतीचं बुश झिजलंय, म्हणजे इथून गळतं. तुमचा तो शाही शेक थेंब थेंब खाली मोटारीत गेलाय — साखर, दूध, रम, सगळं. तिथे तापून त्याचं झालंय डांबर. ही मोटार आता मोटार राहिली नाही, मिठाई झालीय. करतो, करतो, घाई करू नका. दुपारचे अडीच वाजलेत, तुमच्या ऑफिसचं काय आभाळ कोसळत नाहीये. आज सुट्टी टाकली असणार तशीही. डोळे सांगतायत.

तसे तुमच्यापेक्षा वरचढ नग येतात, वाईट वाटून घेऊ नका. एक बँकेतल्या बाई आहेत — एकदम टापटीप, बोलणं मधाळ — त्यांनी संत्र्याची व्होडका दुधात ओतली. दूध फाटलं. आंबट घातल्यावर दूध काय टाळ्या वाजवेल? तर बाईंना वाटलं, गुठळ्या राहिल्यात, अजून फिरवायला हवं. वीस मिनिटं फिरवत बसल्या! आणि वर मला म्हणतात, तुमच्या ब्लेडला धार राहिली नाही वाटतं. माझ्या ब्लेडला! दुसरे एक वकील. स्ट्रॉबेरीच्या शेकमध्ये व्हिस्की, वर क्रीम, वर चेरी, आणि त्याच्यावर छत्री — कागदाची, एवढीशी. हे सगळं कशासाठी? तर घरी सासरे राहायला आलेले, त्यांच्या समोर बसून पिता यावी म्हणून. माणूस कोर्टात खुन्याला सोडवतो आणि घरी स्वतःच्या सासऱ्यापुढे ओठावर दुधाची मिशी घेऊन साळसूदासारखा बसतो. मिक्सर द्यायला आला तेव्हा कोट घालून आला होता.

मला दारूचा राग नाही, नीट ऐका. मला चीड येते ती या सोंगाची. प्यायची आहे ना? मग प्या! ग्लासात घ्या, पाणी घाला नाहीतर घालू नका, तोंड वाकडं करा आणि प्या. निदान समोरच्याला कळतं, हा माणूस काय करतोय. दूध कुणाचं? लेकराचं, आजाऱ्याचं. माणूस दुधाचा ग्लास हातात घेतो तेव्हा बघत नाही आत काय आहे — विश्वासानं तोंडाला लावतो. त्याच दुधात दारू लपवायची, वर साखर, वर कॉफी, म्हणजे पिणाऱ्याला पत्ताच लागू नये — याच्याइतकं हलकं काम नाही जगात. शी. असं करणाऱ्याला मी तर दारात उभं करणार नाही. तुम्हाला केलंय, ते आज गिऱ्हाईक नाही म्हणून.

नीट करायचा तर कसा करायचा? बघा, आता शिकायला निघाले! सांगतो, म्हणजे पुढच्या सोमवारी तोंड दाखवायला नको. आइस्क्रीम दहा मिनिटं बाहेर ठेवायचं, मऊ पडू द्यायचं. जारमध्ये आधी दूध, गार. मग आइस्क्रीम. एकवर फिरवायचं, थांबायचं, परत एकवर. बर्फ नाही — बर्फ हा आळशी माणसाचा उद्योग. आणि दारू? ती जारमध्ये जाताच कामा नये. शेक ग्लासात ओतला की वरून, बाटलीच्या टोपणानं मोजून, दोन टोपणं, आणि लांब चमच्यानं तळापासून ढवळायचं. चॉकलेट घातलं असेल तर निम्मा वास जातो. चॉकलेट आणि कॉफी दोन्ही घातली तर सगळाच जातो. दोन टोपणांचा तर कुणाच्या बापाला येत नाही. पहिला घोट जिभेवर पडेपर्यंत — काय? मला कसं माहीत? मला कसं म्हणजे — धंदाच आहे माझा, सांगितलं ना, सव्वीस वर्षं. नाही, मी पीत नाही. रविवारी दुपारी कधीतरी, जेवणाआधी. तो स्क्रू ड्रायव्हर द्या इकडे. तो नाही, पिवळ्या मुठीचा.

फ्रीज? तो कोपऱ्यातला? तो टेस्टिंगचा. आता हे तुम्हाला दुसरीकडे बघायला मिळणार नाही. बाकीचे काय करतात, मिक्सर जोडला, रिकामा जार लावला, भुर्र केलं, घ्या साहेब, झाला. रिकामा जार तर माझी आजीपण फिरवेल! मशीनचं खरं खोटं लोडवर कळतं. म्हणून आमच्याकडे दूध आणि बर्फ घालून, पूर्ण दोन मिनिटं फिरवून मगच गिऱ्हाइकाला द्यायचा, असा नियम. रोज चार वाजता. दिवसभरात जेवढे झाले तेवढे सगळे ओळीनं मांडायचे आणि एकेक टेस्ट करायचा. मग ते दूध काय ओतून द्यायचं? प्यायचं. दोघांनी. दोघं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. ते पलीकडचं टेबल त्याचं. रिकामंच आहे, हो. दारूपायी गेला तो.

अहो मेला नाही, तोंड कशाला पाडताय एवढं — दुकानातून गेला. परत प्यायला लागला, मी काढून टाकला. असं आहे ते. सगळ्यांना हेच सांगतो मी. सोळा महिने झाले. आता कुठे आहे, शुद्धीवर आहे की कुठल्या फुटपाथवर आडवा आहे, मला माहीत नाही आणि मी विचारायला जात नाही. आमची ही दर रविवारी विचारते, भाऊजींचं काही कळलं का हो? मी म्हणतो, गटारं शोध. ती ताट बाजूला सारून उठते. तिला काय जातंय उठायला. त्याला गटारातून काढलाय कुणी, तिनं? नऊ वर्षं, साहेब, नऊ वर्षं मी ते काम केलंय. बस स्टॉपवरून फोन यायचा, अमुक दुकानाच्या पायरीवरून फोन यायचा. खांद्यावर टाकून तीन जिने चढवायचो. बूट मी काढायचो, उलटी मी पुसायचो. आणि सकाळी येऊन इथे बसायचा, हात असे लटलट लटलट — सोल्डरचा टाका घालायला घेतला की पक्ष्यानं शिटल्यासारखं दिसायचं. मी रात्रभर — असो, मी सगळं परत उकलून परत करायचो.

मग एक दिवस सोडली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपणहून. आणि ते चारचं दूध, ते तेव्हापासूनचं. आधी टेस्टिंगचं दूध आम्ही शेजारच्या शिंप्याला द्यायचो. पण सोडल्यावर धाकट्याला रोज चारच्या सुमाराला काहीतरी व्हायचं — घाम फुटायचा, पाय हलायला लागायचा, नजर दाराकडे. मला कळायचं. काय बोलणार? मी बोलणारा माणूस नाही — हसू नका. मी उठायचो, जारमध्ये दूध, बर्फ, साखर, कधी चॉकलेट, कधी केळं, फेस येईपर्यंत फिरवायचो आणि ग्लास त्याच्या टेबलावर आपटायचो. घे, टेस्टिंग. तो प्यायचा. पाय हलायचा थांबायचा. असं रोज, सहा वर्षं. सुट्टीच्या दिवशी घरी. एकदा मला ताप होता तर आमच्या हिनं डब्यातून नेऊन दिलं होतं. तो म्हणायचा, दादा, दुसरा ग्लास माणसाला मारत नाही, पहिला घोट मारतो. तू मला रोज चार वाजता वेगळाच पहिला घोट देतोस.

आणि हात असा बसला त्याचा, काय सांगू! मिक्सर चालू करून कान लावायचा — डोळे मिटून, असा — आणि सांगायचा, मोटारीचा कार्बन झिजलाय. उघडलं की कार्बनच. लोक त्याला डॉक्टर म्हणायला लागले. डॉक्टर आहेत का? डॉक्टर नाहीत? मग उद्या येतो. उद्या येतो! मी इथे बसलोय पाच फूट आठ इंच, दुकान माझं, पाटी माझी, त्याला धंदा शिकवला मी, आणि त्या कालच्या दारुड्यासाठी लोक उद्या येणार! काय माणसं असतात. कुत्र्यासारखी शेपूट हलवत त्याच्या टेबलापाशी. बँकेतल्या बाई तर त्याच्यासाठी — जाऊ दे. हा स्क्रू गंजलाय. तुम्ही काय बाथरूममध्ये ठेवता का मिक्सर? ... निघाला. आता बघा काय डांबर साचलंय आत ते —

हं.

हे आधी कुणी उघडलंय?

नाही, तुम्ही नाही. तुम्हाला साधं झाकण उघडता येत नाही. हे बघा — नाही, तुम्हाला काय दिसणार, सरका, अंधार पडतोय तुमचा. ही वायर. हा टाका. एवढासा, गोल, मोहरीएवढा, आणि त्याच्याखाली निळा दोरा, दोन वेढे, गाठ आतल्या बाजूला. दोरा कोण बांधतं हो आजकाल? टेप गुंडाळतात आणि मोकळे होतात. टेप उष्णतेनं सुटते, दादा, दोरा सुटत नाही — डोकं खायचा माझं. कधी उघडला होता हा? सात महिने? सात महिन्यांपूर्वी. कुणी? नाव नाही विचारत मी, दिसायला कसा? किडकिडीत? पुढचा दात अर्धा तुटलेला? तो मीच — ते जाऊ द्या. कान लावला होता मशीनला? डोळे मिटून?

हा टाका थरथरणाऱ्या हाताचा नाही. मी छातीठोकपणे सांगतो. नऊ वर्षं त्याचे दारूतले टाके बघितलेत मी, आणि सहा वर्षं शुद्धीतले. हा शुद्धीतला आहे. सात महिन्यांपूर्वीपर्यंत तरी — म्हणजे माझ्याकडून गेल्यावर नऊ महिन्यांनी. किती वाजता गेला होतात तुम्ही त्याच्याकडे? आठवा ना, त्यात काय एवढं डोकं खाजवायचं. संध्याकाळी? चार-साडेचार? मग टेस्टिंग केलं असेल. दूध घालून? बर्फ? आणि — तुम्हाला दिला ग्लास? तुम्हाला! आणि तुम्ही प्यायलात. कसा होता? साखर कमी होती ना? त्याला साखर कमीच लागते, मी जास्त घालायचो. तो काही बोलायचा नाही.

मग त्याच्याकडेच का नाही गेलात आज? एवढं अमृत पाजलं त्यानं तुम्हाला! ... लाज वाटली? कसली? ... काय म्हणाला? परत सांगा. शब्द गाळू नका. ‘मी पिणारा माणूस होतो, या महिन्यात’ — नाही नाही, नीट आठवा — ‘अजून तीन महिन्यांनी सात वर्षं होतील सोडून. माझी एकच विनंती, जारमध्ये दारूचं काही केलं असेल तर धुऊन आणा.’ सात म्हणाला? सातच? तुमची खात्री आहे? म्हणजे — अहो तुम्हाला कळत नाही का? हे लोक मोजतात. एकेक दिवस मोजतात. एकदा जरी घसरला ना, तरी सगळं पुसून परत पहिल्या दिवसापासून सुरू, आणि त्यात खोटं बोलत नाहीत. माझ्याकडून गेला तेव्हा सहा झाली होती. सहा आणि नऊ महिने — तीन महिन्यांत सात. म्हणजे त्यानं तो घोट हिशेबात धरलाच नाही. तो मोजतोय ते मागचंच, सलग, मधे काही नाही. म्हणजे त्या दिवशी खाली उतरला नाही तो. सगळा थुंकला.

कुठला घोट म्हणजे? तुम्हाला काय करायचंय? नको तिथे नाक — मंगळवार होता. सकाळी आला आणि म्हणाला, दादा, रागावू नकोस, मी नदीपलीकडे एक गाळा बघितलाय. लहान आहे. तुझी गिऱ्हाइकं नाही घेणार. मी म्हटलं, वा! छान. हसलो पण. आणि दिवसभर माझ्या डोक्यात तेच, तेच — आता हा जाणार. नऊ वर्षं खांद्यावरून वाहिला तेव्हा रडत रडत दादा, दादा म्हणून गळ्यात पडायचा. सुटली, हात बसला, आणि दादा झाला परका. पीतच राहिला असता तर कुठे गेला असता? इथेच राहिला असता, माझ्या — काय म्हणालो मी? काही नाही म्हणालो. गंमत केली. त्याच्या नव्या दुकानाची पार्टी म्हणून गंमत. चार वाजता चॉकलेट घातलं, कॉफी घातली, आणि दोन टोपणं. नुसती दोन. चमच्यानं ढवळलं. ग्लास टेबलावर ठेवला — आपटला नाही त्या दिवशी. घे, टेस्टिंग.

एक घोट घेतला. तोंडातच धरला. माझ्याकडे बघितलं. रागानं बघायला हवं होतं हो, भांडायला मी तयारच होतो, सगळं पाठ करून बसलो होतो. पण लहानपणी पोहायला शिकवतो म्हणून मी त्याला खोल पाण्यात सोडून दिलं होतं, तेव्हा बाहेर काढल्यावर जसं बघितलं होतं ना त्यानं, तसंच बघितलं. मग त्या बेसिनपाशी गेला आणि थुंकला. पण सगळा थुंकला का? हेच सोळा महिने मला — दोन थेंब जरी आत गेले असले तर? पहिला घोट मारतो म्हणायचा. आणि तो घोट मी दिला. ग्लास धुतला त्यानं, पालथा घातला, आपली सोल्डरगन वायरीसकट गुंडाळली आणि गेला. एक शब्द नाही. आणि मी काय केलं? संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, डॉक्टर नाहीत का? मी म्हटलं, प्यायला लागलाय परत. काढला. सहज आलं तोंडात. मग दुसऱ्याला तेच. बँकेतल्या बाईंना तेच. घरी तेच. आमच्या हिला पण.

फ्रीजकडे बघू नका, बंद आहे तो. प्लग पण काढलाय. नाही करत मी लोडवर टेस्ट. रिकामा जार फिरवतो आणि देतो, बाकीचे देतात तसा. मघाशी मारल्या थापा. आता काय, पोलिसात देणार?

उठा. उठा म्हणतो ना. मिक्सर मी करत नाही. नाही म्हणजे नाही. हे त्याचं काम आहे, त्याच्या टाक्याला मी हात लावणार नाही, तोच उकलेल आणि तोच घालेल. पण हा जार असा घेऊन जायचा नाही त्याच्यासमोर. अहो, धुतला होता म्हणता, हे धुणं झालं? साबण लावून नळाखाली धरला, झालं तुमचं! आणि हा वास घेऊन त्याच्याकडे जायची लाज वाटली, माझ्याकडे यायची नाही वाटली. वा! मी म्हणजे गटाराचं झाकण. बरोबरच ओळखलंत म्हणा. सरका, किटली लावू दे. उकळतं पाणी आणि सोडा, दोनदा, तिसऱ्यांदा नुसतं पाणी. आणि झाकणाची ही रबरी रिंग — ही काढून टाकायची, वास हिच्यातच मुरतो, दहा वेळा धुतलं तरी जात नाही. माझ्याकडे आहे नवी. थांबा, जरा घट्ट असते ही, कंपनीवाल्यांना कधी माप कळलंय? आतली कडा ब्लेडनं अशी तासून घ्यावी लागते, अगदी केसाएवढी, सगळीकडून सारखी. बोलू नका आता. हात हलतो.

घ्या. वास घ्या. घ्या म्हणतो ना — येतोय काही? माझ्या नाकावर विश्वास नाही राहिला आज, तुमचंच नाक सांगा. नाही ना? परत घ्या. नक्की? हं.

नाही, काही द्यायचं नाही. आणि मी पाठवलं म्हणून सांगायचं नाही. निरोप नाही, काही नाही. निरोप कसला द्यायचा? झाकण उघडून रिंग बघितली की कळेल त्याला, अशी कडा तासणारा एकच माणूस आहे. त्यानंतर त्याला काय वाटायचं ते वाटू दे. फेकली रिंग तर फेकू दे, तुम्ही मधे तोंड घालू नका. फक्त — परवा-तेरवा कधी इकडून जाणं झालं तर सांगा, ठेवली का फेकली. मुद्दाम यायची गरज नाही.

आता बघताय काय माझ्या तोंडाकडे? पिशवीत घाला तो. वायर गुंडाळून घ्या, लोंबती सोडू नका. आणि पाय उचला जरा, पुलावर गर्दी असते. चारच्या आत पोचा.